दारासमोरचे साडेतीन फूट

सोलापूरकरांनो, आज बर्फाबद्दल लिहिणार आहे. हसू नका. आपल्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, नाहीतर गोळ्यावरचा, हे मलाही माहीत आहे. फार तर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जिल्ह्यात गारपीट झाली तेव्हा शेतं पांढरी झालेली आपण पाहिली, आणि त्या पांढऱ्या रंगात द्राक्षं-डाळिंबं कशी गेली तेही पाहिलं. पण ही पोस्ट शेवटपर्यंत वाचा. विषय बर्फाचा असला तरी गोष्ट आपल्याच गल्लीची आहे, आणि त्यात मीच आरोपी आहे.

एका जानेवारीत आम्ही दोघं लेकीकडे बॉस्टनला होतो. इकडे गड्डा भरलेला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे व्हिडिओ मोबाईलवर येत होते, आणि तिकडे खिडकीबाहेर रात्रभर बर्फ पडत होता. पहाटे सहाला खर्र-खर्र असा आवाज आला. मला वाटलं कुणी तरी परात घासतंय. बघतो तर जावई डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून दारासमोरचा बर्फ फावड्याने ओढत होते. मी काच सरकवून म्हटलं, "अहो, झोपा की जरा. उजेड तर होऊ द्या." ते म्हणाले, "बाबा, साडेआठला मीटिंग आहे. आणि मुलं शाळेला निघतील, पोस्टमन येईल. कुणी पडलं तर?"

"पडलं तर पडलं, बर्फ तुम्ही पाडला का?" असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं. पण प्रश्न डोक्यात राहिला. बर्फ आकाशातून पडला. फुटपाथ शहराचा. चालणारा माणूस अनोळखी. मग फावडं जावयांच्या हातात कशाला?

चहा पिताना त्यांनी नियम सांगितला. बॉस्टनमध्ये बर्फ पडायचा थांबला की तीन तासांच्या आत आपल्या घरासमोरचा फुटपाथ मोकळा करायचा. रात्री थांबला असेल तर सूर्योदयापासून तीन तास. वाट किमान ४२ इंच रुंद हवी, म्हणजे साडेतीन फूट. व्हीलचेअर जाईल, बाबागाडी जाईल, एवढी. आणि काढलेला बर्फ रस्त्यावर ढकलायचा नाही. तोही गुन्हा. नाही केलं तर दंड.

मी म्हटलं, "रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं?" तो शहर काढतं. मोठे नांगर लावलेले ट्रक येतात आणि रस्ता मोकळा करून जातात. जाताना बाजूला सारलेला बर्फ नेमका तुमच्या गाडीच्या वाटेच्या तोंडाशी ढीग करून जातात. मग सगळी गल्ली त्या ट्रकवाल्याच्या नावाने बोटं मोडते. ते पाहून मला फार बरं वाटलं. महापालिकेला शिव्या देण्यात आपण एकटे नाही.

पण शिव्या देऊन झाल्यावर ते लोक फावडं परत उचलतात. फरक तिथे आहे.

ज्यांना जमत नाही ते पैसे देऊन काढून घेतात. तिथे तो मोठा धंदाच आहे. पानगळीच्या दिवसांतच करार होतात. कुणी अख्ख्या हिवाळ्याचे ठरवून पैसे घेतो, कुणी प्रत्येक खेपेचे. किती इंच पडला की माणूस येणार, मीठ टाकायचं असेल तर त्याचे वेगळे किती, हे सगळं लिहून ठेवतात. पलीकडच्या एक आजी एकट्याच राहायच्या, त्यांच्याकडे पुढे नांगर लावलेली पिकअप गाडी यायची. पण जावई म्हणाले, "ठेकेदार लावला म्हणून आजी सुटत नाहीत, बाबा. माणूस आलाच नाही आणि कुणी पडलं, तर पहिली नोटीस घरमालकालाच येते. ठेकेदाराशी त्यांनी नंतर भांडावं." म्हणून तिथे घराच्या विम्यात ही जोखीमही धरलेली असते.

हे कायदे काही आकाशातून पडलेले नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१० पर्यंत जुना नियम होता. बर्फ आपोआप जसा पडला तसाच असेल तर मालक जबाबदार नाही, मालकाने काही उलथापालथ केली असेल तरच जबाबदार. म्हणजे गंमत बघा, काहीच न करणारा सुटायचा आणि थोडंफार साफ करणारा अडकायचा. एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गोठलेल्या बर्फावरून एक माणूस घसरला, खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जुलै २०१० मध्ये न्यायालयाने तो जुना नियमच मोडीत काढला. बर्फ कसा आला हे विचारू नका, मालकाने शहाण्या माणसाने घ्यावी तेवढी काळजी घेतली का, ते विचारा, असं त्या निकालाचं सार.

न्यूयॉर्कमध्ये फुटपाथवर पडणारी माणसं पूर्वी शहरावर दावे लावायची. २००३ मध्ये शहराने कायदा बदलून ती जबाबदारी लगतच्या मालमत्तेच्या मालकावर टाकली. पण त्यात एक शहाणपण ठेवलं. मालक स्वतः राहतो अशी एक ते तीन कुटुंबांची छोटी घरं या भरपाईच्या जबाबदारीतून वगळली. बर्फ त्यांनीही काढायचाच, न काढल्यास दंडही आहे, पण कुणी पडलं तर घर विकायची वेळ लहान माणसावर येऊ नये. शिकागोत दिवसा पडलेला बर्फ रात्री दहापर्यंत आणि रात्री पडलेला सकाळी दहापर्यंत काढायचा, वाट पाच फुटांची. म्हणजे सगळीकडे एकच नियम नाही. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. काय कुणी करायचं आणि किती वाजेपर्यंत करायचं, हे लिहिलेलं आहे. शेजाऱ्याला माहीत आहे, पोस्टमनला माहीत आहे, शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

आता आपल्या गल्लीत या.

चार वर्षांपूर्वी मी वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढल्या. आपल्याकडे बांधकाम काढलं की पहिलं काय होतं? वाळू, खडी, विटा रस्त्यावर येतात. घरात जागा कुठंय? माझ्याही दारासमोर अर्धा रस्ता व्यापून ढीग पडला. आठवडा म्हटलं होतं, दोन महिने राहिला. आल्यागेल्याच्या चाकांनी खडी पसरत पसरत पार कोपऱ्यापर्यंत गेली. गल्लीतला दिवा तेव्हा बंद होता. एका रात्री यंत्रमागावरची पाळी संपवून सायकलवर घरी निघालेला एक पोरगा त्या खडीवरून घसरला. मनगट मोडलं.

आवाज ऐकून आम्ही बाहेर आलो. त्याला उचललं, पाणी दिलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हे सगळं केलं, खोटं कशाला बोलू. पण रिक्षात बसल्या बसल्या मी त्याला काय म्हणालो तेही सांगतो. "अरे, बघून चालवायचं ना जरा."

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. बिड्या वळणारी बाई. भांडली नाही. फक्त म्हणाली, "दीड महिना पोराचा हात चालत नाही ओ साहेब." मी दोन हजार रुपये दिले आणि वर म्हणालो, "माणुसकी म्हणून देतोय हं." ती घेऊन गेली. गल्लीत मला चार लोक म्हणाले, काका, तुम्ही फार चांगले. मलाही तसंच वाटलं.

बॉस्टनच्या त्या पहाटे फावड्याचा आवाज ऐकताना हे मला चार वर्षांनी आठवलं, आणि लाज वाटली. कारण जे मी माणुसकी म्हणून दिलं, ते देणं होतं. खडी माझी होती. रस्ता माझा नव्हता. हात त्याचा होता. यात माणुसकीचा संबंध कुठे आला? देणं असलेले पैसे भीक दिल्यासारखे दिले मी. तेही अर्धवट. दीड महिन्याची मजुरी दोन हजारांत बसते का, तुम्हीच सांगा.

तिथे लोक आकाशातून पडलेलं उचलतात. इथे आपण स्वतः टाकलेलं उचलत नाही. या पोस्टमधलं माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

तुम्ही म्हणाल, तिकडे कायदे कडक, इकडे कायदाच कुठंय? मलाही तसंच वाटायचं. परत आल्यावर जरा वाचलं, वकील मित्राला विचारलं. कायदा आहे. भरपूर आहे.

रस्त्यावर सामान टाकून किंवा आपल्या ताब्यातल्या मालमत्तेची नीट निगा न राखून येणाऱ्या-जाणाऱ्याला धोका किंवा अडथळा केला तर तो गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात कलम २८३ होतं, दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २८५ झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. माझी खडी सरळसरळ यात बसते.

बांधकामाचा राडारोडा हा टाकणाऱ्याची जबाबदारी आहे, तो आपल्याच आवारात साठवायचा, रस्त्यावर किंवा गटारात जाऊ द्यायचा नाही, हे २०१६ च्या बांधकाम कचरा नियमांतच आलं. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी सांगितलं की घराबाहेर रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात कचरा टाकायचा नाही, पुरायचा नाही, जाळायचा नाही. जाळायचा नाही, हे पुन्हा वाचा. थंडीत सकाळी आपल्या किती गल्ल्यांत पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिक पेटवून लोक शेकत बसतात?

इमारत तीस वर्षांची झाली की मालकाने ती संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यायची, हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ मध्ये आहे. आपल्या पेठांतले जुने वाडे, माळवदाची घरं आठवा. दर पावसाळ्यात कुठली तरी भिंत बसते. भाडेकरू-मालक वाद कोर्टात, वाटण्या अडकलेल्या, आणि भिंत मात्र रस्त्याकडे झुकलेली. कोर्टातली तारीख भिंतीला समजत नाही.

दारातल्या झाडाची फांदी तारेवर आली म्हणून कुणाला तरी बोलावून तोडायची, तर त्यालाही १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आणि धोकादायक फांदी तशीच ठेवायची, तर तेही बेजबाबदारपणाचं. दिल्लीत रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून एक स्कूटरस्वार दगावला, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये तिथल्या महापालिकेला जबाबदार धरलं. त्याआधी चांदणी चौकातला घंटाघर कोसळून माणसं गेली होती. त्या घंटाघराचं वय होतं ऐंशी वर्षं, आणि तसल्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस. "आम्हाला दोष दिसला नव्हता" हा बचाव चालला नाही. रस्त्यालगतच्या वास्तूच्या मालकाने ती धोकादायक होऊ न देणं हे त्याचं कर्तव्यच आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्ये म्हटलं. दोन्ही वेळा मालक महापालिका होती, पण तत्त्व तुम्हा-आम्हालाही तेच.

आता सगळ्यात गंभीर. हद्दवाढ भागातल्या आणि ड्रेनेज न पोचलेल्या वस्तीतल्या मित्रांनी नीट वाचा. सेप्टिक टँक भरला की आपण कुणाला बोलावतो? गाडी महाग पडते म्हणून "एक माणूस आहे, उतरून काढतो" असा फोन नंबर प्रत्येक गल्लीत कुणाकडे तरी असतो. तो नंबर पुसून टाका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत किंवा गटारात उतरवणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो कायदा फक्त सरकारी कार्यालयांना नाही, कुठल्याही व्यक्तीला लागू आहे. म्हणजे तुम्हाला, मला. "मी ठेकेदाराला सांगितलं होतं, माणूस त्याने उतरवला" हेही चालत नाही, कारण कायद्यात थेट किंवा आडमार्गाने कामाला लावणं, दोन्ही धरलेलं आहे. बॉस्टनच्या आजी आणि त्यांचा पिकअपवाला आठवला ना? तिथे चूक झाली तर हाड मोडतं. इथे टाकीतल्या वायूने माणूस मरतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करायला सांगितली. पण माणूस तीस लाखांनी परत येत नाही.

आता तुमचा राग मला इथूनच ऐकू येतोय. "काका, आम्ही घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, चार-चार दिवसांनी पाणी येतं, आणि आता फुटपाथही आम्हीच झाडायचा? मग महापालिका काय करणार?"

राग बरोबर आहे. मीही पेन्शनीतून घरपट्टी भरतो. रस्त्यांची सफाई, गटारं, दिवे हे अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे महापालिकेचं बंधनकारक काम आहे. माझी पोस्ट दाखवून कुणी अधिकारी हात झटकणार असेल, तर त्याला हा परिच्छेद दाखवा. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पादचाऱ्याचा फुटपाथवरचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर सहा लाख आणि जखमी झाल्यास पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितली. म्हणजे त्यांच्या बाजूचं देणंही कोर्टाने आकड्यात मांडलंय. ते मागायला लाजू नका.

पण आपल्या बाजूचं? फुटपाथच नाही म्हणून ओरडायचं, आणि जिथे आहे तिथे आपली पायरी, आपली कुंडी, आपली बुलेट, आपल्या दुकानाचा बोर्ड. आपलं शहर २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं, तेव्हा आपण फटाके उडवले होते. शहर स्मार्ट आणि दार मात्र जुनंच, असं कसं चालेल?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. गरिबाने काय करायचं? विडी घरकुलातल्या छोट्याशा घरात राहणाऱ्या बाईने वाळू कुठे ठेवायची? भाड्याने राहणाऱ्याने दुसऱ्याची भिंत कशी दुरुस्त करायची? म्हणूनच मला न्यूयॉर्कची ती सूट आवडली. जबाबदारी सगळ्यांची, पण भार ऐपतीप्रमाणे. पाच मजली इमारत बांधणारा बिल्डर आणि एक खोली वाढवणारा विणकर यांना एकाच काठीने हाकू नका. टोरांटोसारख्या शहरात तर फुटपाथवरचा बर्फ महापालिकाच यंत्राने काढू लागली आहे, कारण म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या दारातली वाट मोकळी व्हायची तर ते एकट्याच्या फावड्यावर सोडून चालत नाही, हे त्यांना कळलं. सगळं नागरिकांवर ढकलावं असं माझं म्हणणंच नाही. जे मी टाकलं ते मी उचलावं, एवढ्यापुरतं बोलतोय.

आणि एक कडू गोष्ट. जावई इंजिनिअर आहेत. त्यांच्या हातात फावडं बघून आमच्या हिचा जीव कळवळला, "पोराने शिकून हे करायचं का?" म्हणाली. पलीकडे एक डॉक्टर बाईही फावडं मारत होत्या. तिथे ते हलकं काम नाही, फक्त काम आहे. आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात असावा हे जन्माआधीच ठरलेलं असतं. म्हणून दारासमोरची घाण दिसली की आपल्या तोंडून "काढायला हवी" असं येत नाही, "ते लोक अजून आले नाहीत का?" असं येतं. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, जिथे गाडगेबाबांनी वारकऱ्यांसाठी धर्मशाळा उभी केली, वाळवंटात झाडू मारला, तिथल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको होतं. बाबांचा फोटो आपण लावला. झाडू भिंतीमागे ठेवला.

पण आपल्याला हे जमतच नाही असंही नाही. आपल्या आज्या पहाटे उठून सडा घालायच्या, तो काय फक्त उंबऱ्यापुरता होता? अर्ध्या रस्त्यापर्यंत असायचा, समोरचीचा अर्ध्यापासून पुढे. मधली रेघ कुणी आखलेली नव्हती, पण दोघींना माहीत होती. आजही नंदीध्वजांची मिरवणूक ज्या रस्त्याने जाते, तिथे आदल्या रात्री बघा. गाड्या हटतात, ढीग हटतात, रस्ता धुतला जातो, रांगोळीच्या पायघड्या पडतात. कुणी नोटीस काढत नाही. सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज येणार म्हटल्यावर आपोआप होतं. मग बाकी ३६० दिवस तिथून कोण जातं? शाळेतली पोरं, पाळीवरून येणारा कामगार, काठी टेकत दवाखान्यात निघालेली म्हातारी. त्यांच्यासाठी वाट नको?

परत आल्यावर मी एकच काम केलं, ते सांगून थांबतो. माझ्या दारात गाडी चढवायला उतार केलाय, आपल्यासारख्या सगळ्यांच्याच दारात असतो तसा. पक्का सिमेंटचा, वर गुळगुळीत फरशी, खाली गटार गडप. दर पावसाळ्यात आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साठायचं आणि मी सगळ्यांत आधी फोन करून तक्रार द्यायचो. मिस्त्रीला बोलावलं आणि म्हटलं, हा उतार फोड, गटारावर उचलता येईल अशी लोखंडी जाळी बसव, आणि उतार माझ्या हद्दीच्या आत घे. तो म्हणाला, "कशाला फोडालाव काका, चांगला हाय की. कोण विचारालंय?"

फोडला. खाली गटार जवळजवळ बुजलेलं होतं. गाळ होताच, पण त्यात काय निघालं सांगू? निळ्या रंगाच्या टाइल्सचे तुकडे. विटांचे खापे. घट्ट झालेलं अर्धं सिमेंटचं पोतं. माझ्याच वरच्या बाथरूमच्या टाइल्स. चार वर्षं माझ्याच राडारोड्याने गल्ली तुंबवली होती आणि मी इतरांना फोन करत होतो. मिस्त्रीने एक तुकडा उचलून माझ्याकडे बघितलं. बोलला काही नाही.

म्हणून आता मागणी करायचा मला थोडा तरी हक्क आलाय असं धरतो.

पहिलं, आपल्यासाठी. बांधकाम काढताना सामान टप्प्याटप्प्याने आणा, रात्री ढिगाभोवती दगड आणि चमकणारी पट्टी लावा, आणि राडारोडा उचलायचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. सेप्टिक टँकला फक्त यंत्राची गाडी, माणूस नाही. मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी, गच्चीवरचे पत्रे, कठडा, झाडाची फांदी बघून घ्या. उतारावरची गुळगुळीत फरशी काढा, ओली झाली की ती बर्फापेक्षा कमी नाही.

दुसरं, महापालिकेसाठी. बांधकाम परवानगी देतानाच राडारोड्याची अनामत घ्या, रस्ता साफ दिसला की परत द्या. छोट्या घरांना त्यात सवलत द्या. गटारातला गाळ काढून कडेलाच ठेवायचा ही सगळ्याच शहरांची जुनी पद्धत आहे, पहिल्या सरीबरोबर तो परत गटारात. तो चोवीस तासांत उचलायचा नियम करा. आणि एक साधा कागद काढा, मराठीत, कन्नड-तेलुगू-उर्दूतही, कारण हे शहर चार भाषांत बोलतं. त्यावर लिहा: घरासमोरचं काय कुणाचं, कुणी किती वेळात करायचं, नाही केलं तर काय. घरपट्टीच्या बिलामागे छापा. बॉस्टनच्या पोराला जे माहीत आहे ते आमच्या पोराला का माहीत नसावं?

त्या सायकलवाल्या पोराचा शोध घेतला. तो आता पुण्याला असतो, असं त्याच्या आईने सांगितलं. मी राहिलेल्या मजुरीचा हिशोब करून पैसे घेऊन गेलो होतो. तिने आधी नकोच म्हटलं. "तुम्ही तेव्हा माणुसकी दाखवली की ओ."

मी म्हटलं, "बाई, ती माणुसकी नव्हती. हे देणं आहे." तिला ते नीट कळलं की नाही माहीत नाही. पैसे तिने घेतले, मोजले नाहीत.

आज घरी गेलात की आत शिरायच्या आधी एकदा मागे वळून बघा. दारासमोरचे साडेतीन फूट. तिथे तुमचं काय पडलंय, ते खाली कमेंटमध्ये लिहा. शेजाऱ्याचं नको, तुमचं लिहा.